ससा रवंथ करतो का

लासुर्ण्याच्या द्वारकाबाईंचं एक ठाम मत होतं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, चूक नाही, कानामात्रेचीसुद्धा नाही. दुपारी ओट्यावर बसून त्या ते मोठ्यानं वाचायच्या. शेजारचा बुद्धभूषण जनावरांचा डॉक्टर. एकदा तो त्यांच्या शेळीला इंजेक्शन द्यायला आला, तेव्हा त्या नेमक्या ससा रवंथ करतो, पण त्याचं मांस खाऊ नये, या ओळीवर होत्या.

"मावशी, ससा रवंथ करत न्हाय," तो सहज म्हणाला.

"मग तोंड कशाला हलवतोय दिवसभर?"

"सवय त्याची. तुमी बघा की, आमच्या पिंजऱ्यात हाय."

बाईंनी खुर्ची उचलली आणि पिंजऱ्यापुढं ठाण मांडलं. ससा नाक हलवत होता, तोंड हलवत होता, त्यामुळं पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं. पण जन्म शेळ्यांत गेलेला. रवंथाचा घास गळ्यातून वर येताना दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं. सशाच्या गळ्यात काहीच हलेना. त्यांनी बारामतीला चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला.

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी हजर. चेहऱ्यावर विजय.

"बाई, शास्त्र बरोबरच आहे. ससा स्वतःच्या काही लेंड्या परत खातो. म्हणजे अन्न दोनदा खाल्लं. तोच रवंथ समजायचा."

"खातो, हे खरं हाय," बुद्धभूषणनं दुजोरा दिला.

द्वारकाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

"देवानं मोशे संदेष्ट्याला म्होरं बसवून ह्ये सांगितलं म्हनता? त्यापरीस चूक झाली म्हना. मला चालंल."

पाळकसाहेब गडबडले. "अहो, एक चूक मानली की सगळंच खोटं पडेल."

"कसं पडंल? आमचं मालक जन्मभर लग्नाचं साल चुकीचं सांगायचं. त्यांच्या हिशेबानं थोरला लग्नाआधीच झालेला. चारचौघांत मी लाजंनं मरायची. म्हनून काय लग्न खोटं व्हतं? मानूस शब्दाला पक्का व्हता."

पाळकसाहेबांना धर्मशास्त्राच्या कॉलेजात यावर काही शिकवलेलं नव्हतं. त्यांनी चहाचा कप उचलला.

"मग मावशी," बुद्धभूषणनं हळूच विचारलं, "ससा खायला आता हरकत न्हाय?"

"खाऊ नगा म्हनून लिवलंय, आन् त्येवढं बराबर हाय," बाई म्हणाल्या. "ह्ये लेंड्यांचं आईकल्यावर कोन खाईल?"