मेंदीला ऊब

टोपातल्या पाण्याला उकळी फुटली तसा दत्तारामने गॅस आणखी वाढवला. बुडबुडे काठापर्यंत आल्यावर त्याने फडकं न घेता, नुसत्या हातांनी टोप उचलला आणि ते खदखदतं पाणी परातीतल्या मेंदीवर ओतलं. पालेभाजी करपल्यासारखा वास खोलीभर पसरला.

"एवढं कडक?" खुर्चीवर बसलेली चंपा हळूहळू म्हणाली. तिच्या खांद्यावर जुना टॉवेल होता आणि डावा हात मांडीवर ठेवला होता तसाच पडून होता.

"रंगाचं मला शिकवू नको गो," दत्ताराम म्हणाला. "उकळी दिल्याबिगर रंग चढत नाय. सव्वीस वर्षं मी काय माशा मारल्या?"

माशा मारल्या नव्हत्या हे खरंच. परळच्या मिलमध्ये रंगखात्यात त्याने कापडाचे ताकेच्या ताके रंगवले होते, आणि साहेबाच्या यंत्राने सांगायच्या आधी नुसत्या वाफेवरून तो पाणी किती तापलंय ते सांगायचा. मिल बंद पडून पंचवीस वर्षं होत आली, तिच्या जागी काचेच्या इमारती आल्या, पण जित्याची खोड जात नाही. मुलगा विकास नवीन शर्ट घेऊन आला की दत्ताराम आधी तो उलटा करायचा आणि शिवणीपर्यंत रंग मुरलाय का ते बघायचा. बहुतेक वेळा तो मुरलेला नसायचा, आणि मग जेवण होईपर्यंत घरातल्यांना त्यावर ऐकून घ्यावं लागायचं.

चंपाचं आयुष्य त्याच्याहून साधं. कॉटन ग्रीनच्या गोदामात तिने वर्षानुवर्षं धान्य निवडलं, दोन मुलं वाढवली, आणि काळाचौकीतल्या त्यांच्या चाळीमागच्या विहारात तीस वर्षं वंदना सांगितली. ती एक ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या बायका तीच ओळ तिच्या मागून म्हणायच्या. गळा काही गोड नव्हता, पण खणखणीत होता. महिन्यातून एकदा ती केसांना मेंदी लावायची, आणि पांढऱ्या साडीवर ते गडद तांबूस केस लांबून ओळखू यायचे.

गेल्या पावसाळ्यात तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं बरंचसं परत आलं, काठीच्या आधाराने चालणंही आलं, पण ती गॅलरीच्या पुढे पाऊल टाकेना. विहारातल्या महिला मंडळाची नलू मुद्दाम घरी आली. रमाई जयंती चार दिवसांवर आली होती.

"पांढरी साडी, पांढरं डोकं आणि हे वाकडं तोंड," चंपा म्हणाली. "मी नाय येत नलू."

"मग यंदा मी सांगू का वंदना?" नलू चाचरत म्हणाली. "तुम्ही हो म्हटलंत तरच, चंपाताई."

"सांग."

नलू जिना उतरून गेली तरी चंपा कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहिली. दत्तारामला ते बघवेना. तिचं तोंड सरळ करणं त्याच्या हातात नव्हतं, तिच्या बोटांत जीव घालणंही नव्हतं. पण रंग? रंग तर त्याचा होता. शुक्रवारी जयंतीला वंदना चंपाच सांगणार, असं त्याने मनाशी पक्कं केलं आणि तो सरळ वाण्याकडे मेंदी आणायला गेला.

आता मेंदी लावून दोन तासांनी डोकं धुतल्यावर त्याने बोटांनी केस बाजूला करून बघितले. जुने केस होते तसेच होते, पण सहा महिन्यांची पांढरी मुळं पिवळट नारिंगी झाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चंपाने आरसा मागितला. बराच वेळ बघितलं.

"मेंदी शिजवलीत तुम्ही," ती म्हणाली. "जीव गेला तिचा."

"कापडाला तर..."

"मी माणूस हाय. मांजरपाट नाय."

दत्ताराम खाली बसला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं या बाईने याच खोलीत महिन्याच्या महिन्याला मेंदी लावली होती. रंग म्हटलं की दुसऱ्याला बोलू न देणाऱ्या या माणसाने तिला एकदाही विचारलं नव्हतं, तू कशी करतेस म्हणून. त्याला त्याची लाज वाटली.

"तू कशी करायचीस?" त्याने विचारलं.

चंपाने सांगितलं. थांबत, एकेक शब्द जुळवत, पण सांगताना तिचा चेहरा जरा उजळला. लोखंडी कढई. कोऱ्या चहाचं पाणी, पण कोमट, बोट बुडवून राहील इतपतच. चमचाभर कात. रात्रभर झाकून ठेवायची. आणि लावल्यावर मात्र ऊब हवी, मेंदी अंगाला थंड पडते, ऊब नसली तर रंगही येत नाही आणि सर्दी होते ती वेगळीच. त्यासाठी ती गच्चीवर जाऊन दोन तास उन्हात बसायची.

"म्हणजे ऊब लागतेच," दत्ताराम म्हणाला. तेवढ्यानेही त्याला बरं वाटलं.

"नंतर. आधी नाय."

चार जिने चढून गच्चीवर जाणं आता शक्य नव्हतं. गॅलरीतलं ऊन तर समोरच्या टॉवरने कधीच खाऊन टाकलं होतं. दत्तारामने उपाय काढला: गरम पाण्यात पिळलेला टॉवेल डोक्याला गुंडाळायचा, थंड झाला की दुसरा.

बुधवारी सकाळी कढईतली मेंदी काळपट झाली होती. त्याने बट बट वेगळी करून ती मुळापासून लावली, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पहिला टॉवेल पिळून गुंडाळला.

"चटका नाय ना बसत?"

"नाय. बरं वाटतंय."

दर दहा मिनिटांनी तो टॉवेल बदलत गेला. प्रत्येक वेळी तो विचारायचा आणि ती नाय म्हणायची. पाचवा टॉवेल चालू असताना सून आली. नम्रता एका ऑफिसात हिशेब बघायची आणि त्या दिवशी अर्धी रजा टाकून आली होती. पर्स खाली ठेवता ठेवता तिचं लक्ष सासूच्या डाव्या कानाकडे गेलं.

"बाबा, काय केलंत हे?"

तिने टॉवेल ओढला आणि लगेच टाकून दिला. "अहो, हात भाजतोय माझा. आईंचा कान बघा."

कानाची पाळी लाल झाली होती आणि मागे एक फोड टरारला होता. नम्रताने तांब्याभर गार पाणी आणलं आणि रुमालाने ती थेंब थेंब सोडू लागली.

"मी विचारत होतो ना तिला," दत्ताराम म्हणाला. "दर टायमाला विचारलं."

"आईंना डाव्या बाजूला गरम-थंड कळत नाही. डॉक्टर तुमच्यासमोर बोलले होते, बाबा."

"ते हाता-पायाचं बोलले. डोक्याचं कोण बोललं?"

"आणि तुम्हाला तरी कळत होतं का हाताला?"

त्याने तळहात बघितले. उकळत्या पाण्यातून कापड ओढून ते कधीच कातड्याच्या वहाणेसारखे झाले होते. ज्या हातांचा त्याने आयुष्यभर तोरा मिरवला, त्यांना काहीच कळत नव्हतं. म्हणजे भाजणाऱ्याला कळत नव्हतं आणि भाजत होतं तिलाही कळत नव्हतं. दत्तारामला रडू आलं, ते त्याने खोकून घालवलं.

"धुवून टाकू या," नम्रता मऊ आवाजात म्हणाली. "नलूमावशी सांगतील वंदना. कशाला हा जीवाला ताप?"

"थांब," चंपा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"अजून एक तास. उजव्या बाजूला ऊब द्या. डावी राहू दे."

"आई, रंग दोन्हीकडे वेगळा येईल."

"येऊ दे. लावलीय ती काय अर्धी धुवायची?" मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही करा. पण बघून."

त्यानंतरचा तासभर दत्ताराम जे करत होता ते बघायला शेजारच्या खोलीतली पोरं दारात जमली. तो टॉवेल पिळायचा आणि आधी स्वतःच्या टकलावर ठेवायचा. डोळे मिटून वीस आकडे मोजायचा. सोसवला नाही तर झटकून गार करायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा मोजायचा. मग तो टॉवेल चंपाच्या उजव्या बाजूला जायचा. पोरं हसली. नम्रताही हसली, आणि मग तिने बाही सरसावून दुसरा टॉवेल पिळायला घेतला.

धुतल्यावर उजवीकडचा रंग पूर्वीसारखा गडद आला. डावीकडे कानाच्या वर चार बोटं फिकट तांबूस पट्टा राहिला आणि गार पाण्याने मेंदी उतरलेले फोडाभोवतीचे केस तसेच पिवळट नारिंगी. असा ताका रंगखात्यातून बाहेर गेला असता तर साहेबाने तो त्याच्या अंगावर फेकला असता.

"शेड नाय जुळली," तो म्हणाला. "महिन्याभराने परत करू. नीट करू."

"करू," चंपा म्हणाली. "शुक्रवारी मात्र हीच."

जयंतीच्या सकाळी जिना उतरून विहारापर्यंतचं शंभर पावलांचं अंतर चालायला त्यांना वीस मिनिटं लागली. दत्तारामने हात पुढे केला तो तिने घेतला नाही, काठी घेतली. नलू दारातच उभी होती. चंपाला बघून तिने जयभीम केला, आत जाऊन पुढे स्वतःसाठी अंथरलेली बैठक उचलली आणि तिथे खुर्ची आणून ठेवली. बायकांनी केसांकडे बघितलं, कानाकडे बघितलं. एक-दोघी कुजबुजल्याही. चंपाने ते ऐकलं आणि माईक जरा जवळ ओढला.

आवाज पूर्वीचा नव्हता. एकेक शब्द ती उचलून ठेवत होती, आणि ज्या बायकांना तीस वर्षांची धावती चाल पाठ होती त्या सारख्या पुढे निघून जात होत्या, भानावर येत होत्या, मागे येत होत्या. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. तिसऱ्या शीलाला ती अडकली.

तोंड हलत होतं, शब्द येत नव्हता. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या दत्तारामने गुडघा घट्ट धरला. तो शब्द त्याला येत होता, पोरांना येत होता, विहारात असा एक माणूस नव्हता ज्याला तो येत नव्हता. नलूने तोंड उघडलं आणि मिटलं. कोणीही बोललं नाही. बाहेर कुठेतरी स्कूटर सुरू झाली आणि दूर गेली.

चंपाने श्वास घेतला, शब्द सापडला, तिने तो म्हटला. मग पन्नास बायकांनी तो तिच्या मागून म्हटला, तेवढ्याच हळू.