बारीक खांद्यांचा झगा

ऊर्मिला स्टुटगार्टला आली ती नवऱ्याच्या, नागेशच्या नोकरीमुळे. दोन वर्षं ती जर्मनच्या क्लासला जात होती, बाकी घरीच. २०१४च्या फेब्रुवारीत क्लासच्या बाईंनी सांगितलं, की जवळच्या गावातल्या म्युझियमला पाच फुटांच्या आतली, बारीक खांद्यांची बाई हवी आहे. काम एवढंच, की उभं राहायचं.

तिथले जुने कपडे सांभाळणाऱ्या फ्राऊ आइखलरनी आधी झगा दाखवला. दोनशे वर्षांपूर्वीचा, रेशमी, लिंबाच्या सालीच्या रंगाचा. तो मांडायला तयार पुतळे होते ते सगळे मोठे. त्यांच्यावर ओढूनताणून चढवला असता तर रेशीम फाटलं असतं. म्हणून ऊर्मिलाच्या अंगावरून साचा घ्यायचा होता. इतकी वर्षं हा टिकला कसा, असं तिनं विचारलं. अंगाला बसणारे कपडे लेकींसाठी कापले जातात, त्या म्हणाल्या, मग उशीचे अभ्रे होतात, मग चिंध्या. हा त्या घरात पुढे कुणालाच बसला नाही, म्हणून पेटीत राहिला.

ऊर्मिलानं घातलेल्या जुन्या टी-शर्टवरून त्या ओल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवत गेल्या. थरावर थर. बाहेर बर्फ पडत होता, खोली उबदार होती. ऊर्मिलाचे डोळे मिटायला लागले. कुणीतरी पाठीमागे नाड्या बांधतंय, खाली घोडागाडी थांबलीय, आणि आपल्याला मुळीच घाई नाही, असं तिला वाटत राहिलं. पाठीवरचे हात थंड होते, ओळखीचे होते.

"श्वास रोखू नका," फ्राऊ आइखलर हळूच म्हणाल्या. "झगा घालणारीलाही श्वास घ्यायला जागा लागत असणार."

मग त्यांनी पाठीवर कात्री चालवून ते कवच सोडवलं. टेबलावर ते एकटंच उभं राहिलं.

मार्चमध्ये ती नागेशला घेऊन गेली. झगा साच्यावर अलगद बसला होता, जणू आतली बाई आत्ताच खिडकीकडे वळली होती. नागेशनं कुजबुजत विचारलं, कोण होती ही? नाव कुणालाच माहीत नव्हतं. फ्राऊ आइखलरनी बाहीखाली छोटा टॉर्च धरला. तिथं घामाचा तपकिरी डाग होता.

"हा धुणार नाही का?" ऊर्मिलानं विचारलं.

"नाही. तिचं एवढंच उरलंय."

ऊर्मिला बराच वेळ वाकून बघत राहिली. निघताना तिनं विचारलं, इथं मदतीला आलं तर चालेल का. पुढच्या गुरुवारपासून ती जायला लागली. हात धुवून, अंगठी काढून, म्युझियमच्या पेट्यांतल्या इतर झग्यांच्या बाह्यांत, चुण्या पडू नयेत म्हणून, मऊ कागद भरायला.