दुपारच्या विजेची विल्हेवाट

टाइमटेबलकाकांनी निवृत्तीचा पैसा गच्चीवर नेऊन उन्हात पसरला, तेव्हा सगळ्या गल्लीने त्यांना वेड्यात काढलं होतं. मग त्यांचं बिल शून्यावर आलं, उलट वीज कंपनीच त्यांना देणं लागू लागली आणि गल्लीची बोलती बंद झाली. बस डेपोत जन्मभर गाड्यांच्या वेळा लावलेला माणूस. त्याला सूर्यासारखा वक्तशीर ड्रायव्हर मिळाल्यावर आणखी काय हवं!

पण बघता बघता सगळ्याच गच्च्यांवर सौर पॅनेलं चढली आणि कंपनीने रंग बदलला. संध्याकाळची वीज महागली. दुपारची आधी कवडीमोल झाली, आणि मग तर ती कंपनीला दिली की दंडच बसू लागला.

"म्हणजे वीज मी द्यायची आणि वर पैसेही मीच भरायचे?" काकांनी कंपनीच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं.

"काका, दुपारी सगळ्यांच्याच गच्चीवर ऊन पडतं. आम्ही ती वीज ठेवायची कुठे?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी जेवणाचा डबा उघडला.

काकांनी घरी येऊन नवं वेळापत्रक लावलं. धुणं दुपारी, इस्त्री दुपारी, रात्रीचा स्वयंपाकही दुपारीच. तरी वीज उरेच. मग त्यांनी बैठकीत हीटर आणि एसी समोरासमोर लावले. दोघांची रोज जुंपायची आणि खोली होती तशीच राहायची.

या सगळ्यात हाल झाले ते त्यांच्या बायकोचे. इस्पितळात सगळी नोकरी रात्रपाळीत गेली; गल्ली तिला सिस्टरच म्हणे. निवृत्तीनंतर तिने नवऱ्याकडे ना दागिना मागितला, ना सहल. दुपारची निवांत झोप, एवढंच. आणि नेमकी तीच काकांनी मोडीत काढली होती.

"अहो, दुपारी ते गच्चीवरचं पॅनेलांचं बटणच बंद करून टाका ना!"

"वा! आणि एवढं ऊन वाया घालवू?"

आता उरलेली वीज खपवायला गल्लीत भाव आला तो ज्यांना गच्ची नव्हती त्यांना. शिंपीणबाई मशीन घेऊन काकांकडे येऊ लागल्या, म्हणून शेजाऱ्याने त्यांना चहा देऊन फोडलं. काकांनी चहाबरोबर बिस्किटं ठेवून त्यांना परत आणलं. न्हावी तर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक घेऊनच यायचा. आणि एक दिवस काकांच्या गळाला चक्क वेल्डर लागला. एवढी वीज खाणारा माणूस गल्लीत दुसरा नव्हता. काकांनी त्याला मानाची जागा दिली, झोपायच्या खोलीबाहेरच.

पहिली ठिणगी उडाली आणि सिस्टर उशी घेऊन बाहेर पडली. भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

घटकाभराने काकांना शंका आली. बहिणीकडे निघून गेली की काय? त्यांनी खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, धापा टाकत गच्ची गाठली.

पॅनेलांखालच्या सावलीत सिस्टर अंगाची मुटकुळी करून झोपली होती. वारा खेळत होता. तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावरचा सगळा शीण उतरलेला. एवढ्या वर्षांत आपण हिला अशी झोपलेली पाहिलीच नाही, हे काकांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. बंद करायचं बटण नेमकं तिच्या उशाशी होतं. तिला ओलांडून जावं लागलं असतं. काकांनी चपला हातात घेतल्या आणि ते पावलं न वाजवता खाली आले.

त्यांनी हीटर बंद केला, एसी बंद केला, वेल्डरच्या हातातून वेल्डिंगची कांडी काढून घेतली. गिऱ्हाईकाला उरलेल्या दाढीसकट बाहेर काढलं. घर चिडीचूप झालं. गच्चीवरची सगळी वीज कंपनीकडे धावत सुटली आणि मीटर दंड मोजू लागला.

"काका, अहो मीटर बघा! बुडालात तुम्ही!" शेजारी दारातून ओरडला.

"हळू," काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसत म्हणाले. "वर माणूस झोपलंय."