नीराबाईंची चांदणी

"घड्याळाच्या तबकडीवर माशी बसली, तर तिला काटा समजू नका," असं आमचे कॉलेजातले सर बजावायचे. तबकडी म्हणजे ताऱ्यांचं आकाश, माशी म्हणजे ग्रह. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात आणि वर्षानं पुन्हा त्याच वेळी त्याच जागी दिसतात. ग्रह मात्र त्यांच्यातून आपल्या वाटेनं हिंडत राहतो. आम्ही मुली तोंडाला पदर लावून हसलो. परीक्षेला हे येणार नव्हतं, म्हणून मी ते सोडूनही दिलं.

१९५५च्या कार्तिकात आम्ही श्रीवर्धनला होतो. हे तिथं मास्तर. केसर आठ महिन्यांची. ती नुसती खोकली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. तिच्याच औषधासाठी हे मुंबईला गेले होते. कोळीवाड्यातला गुणाजी तिथं मासळी उतरवून परतणार होता, त्याच्या मचव्यातून पहाटे यायचे होते. घरातलं एकुलतं घड्याळ यांच्या मनगटावर.

कोळीवाड्याला घड्याळ लागतच नसे. गुणाजीची आई, नीराबाई, आकाश बघून सगळी आळी उठवायची. त्या रात्री तिनं माझीही कडी वाजवली.

"मास्तरीणबाई, चला. होड्या येतील आता."

केसरला शालीत गुंडाळून मी निघाले. किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. बसल्या, बसल्या, पण समुद्रावर एक दिवा दिसेना.

"आये, झोपेत हाक मारलीस का गं?" शेजारची चंद्राबाई नीराबाईला म्हणाली.

"ती बघ चांदणी, माडांच्या वर आली. गेल्या थंडीत हिच्यावरच उठवलं ना तुमाला?"

चांदणी वर आली आणि होडी नाही, याचा अर्थ तिथं कुणाला सांगावा लागत नव्हता. मागं कुणीतरी एकवीरेला नवस बोलायला लागली. केसर हातातून सुटेल या भीतीनं मी खाली वाळूत बसले.

बसल्या बसल्या त्या चांदणीकडे बघत राहिले. भोवतालचे तारे लुकलुकत होते, ही मात्र स्थिर. गेल्या थंडीत पहाटे दिसायचा तो शुक्र, आणि तो तर आज मी सांजवेळीच केसरला पश्चिमेला दाखवला होता. तो आता पूर्वेला कसा असेल? हा गुरू होता. मी वळून समुद्राकडे पाहिलं. कार्तिकात कृत्तिका दिवेलागणीला उगवतात आणि पहाटे मावळतात. त्या अजून पाण्यापासून कितीतरी वर होत्या.

"नीराबाई, अजून पहाट व्हायची आहे. होड्यांना उशीर झालेला नाही. कृत्तिका बघा ना, किती वर आहेत."

"कुठं?"

"त्या काय, तो झुपका."

ती भलतीकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "त्या मला दोन सालं दिसत न्हायत, बाय. ही मोठी तेवढी दिसते."

चंद्राबाईनं मान वर केली. "खरंच की. मध्यान रात हाय. टोपल्या उशाला घ्या नि निजा." एकजण हसली, मग सगळ्याच हसत सुटल्या. रडू यावं तसं हसू येत होतं. नीराबाई तेवढी हसली नाही.

कृत्तिका पाण्याला टेकल्या तेव्हा दिवे दिसले. औषधाची बाटली डोक्यावर धरून हे गुडघाभर पाण्यातून आले.

"तुम्ही इतक्या लवकर कशा?"

"हौस," चंद्राबाई म्हणाली.

मी यांची ओली बाही घर येईपर्यंत सोडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली. "आयेला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतो," असं आम्ही निघताना गुणाजी म्हणाला होता. "आधी हंगाम सरू दे," हे तिचं उत्तर. त्याला दोन वर्षं झाली, त्यानंतर काही कळलं नाही. तुमच्यापैकी कोणी श्रीवर्धनला गेलात, तर कोळीवाड्यात नीराबाईंकडे जरूर डोकावा. मोतीबिंदू काढला का, तेवढं बघून या. नुसतं विचारलंत तर "दिसतंय की" म्हणतील. जरा समोर बसून बघा.