इद्वलच्या वाटणीची गोळी

"फुंका काका! अजून... अजून! सोडू नका!"

एमरिसकाकांनी श्वास मोजायच्या नळीत जीव खाऊन फुंकर मारली. पडद्यावरची रेघ चढली न चढली तोच कोसळली. नर्स मेरने आकडा पुन्हा तपासला. नव्या औषधाच्या चाचणीत नाव घातल्यापासून फुप्फुसं खंगलेला हा म्हातारा खाणकामगार चॅपलची चढण न थांबता चढू लागला होता. आता हे काय?

"गोळ्या चुकवल्यात ना?"

"छे! डबी बघ की, रिकामी आहे."

"मग रोजच्या दोन्ही घेता?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. बाकावर त्यांचा खाणीतला जोडीदार इद्वल खोकत बसला होता. हृदय कमजोर म्हणून चाचणीवाल्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

"सकाळची माझी," काका म्हणाले. "संध्याकाळची त्याची."

मेरने खिडकीतून इद्वलकडे पाहिलं. "अहो, त्याला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं नाही ना! उलट परवा चॅपलमध्ये गायला आला लेकाचा, बेसूर का होईना. अगं, जन्मभर खाणीत एका डब्यातलं निम्मं निम्मं खाल्लं, धूळ दोघांनी खाल्ली. आता बरं व्हायचं तेवढं मी एकट्यानं?"

"ते औषध आहे की नुसती पिठाची गोळी, हे मलासुद्धा सांगत नाहीत, काका!"

"पीठ असेल तर पीठ. पण वर सांगू नकोस, पोरी. बंद केलंत तर ती चढण मला पुन्हा जमायची नाही."

मेरला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. गप्प बसावं असं फार वाटलं. पण ही पडलेली रेघ तशीच पुढे गेली असती, तर दोष औषधावर आला असता आणि ते कुणालाच मिळालं नसतं. तिचे वडील असेच धापा टाकत गेले होते, आणि या खोऱ्यात घरोघरी कुणी ना कुणी खोकत बसलं होतं. तिने डॉक्टरांना फोन लावला. इद्वलला ताबडतोब तपासायला आत घ्या, ते म्हणाले. एमरिसच्या गोळ्या आजपासून बंद.

काकांनी जाकिटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि आतली गोळी मेरच्या हातावर ठेवली.

"ही त्याची. आजची."

इतक्यात इद्वल दार ढकलून आत आला. "काय रे, झालं? परत जाताना चढणीवर माझ्यासाठी थांबशील ना?"

"थांबेन की," काका म्हणाले. "आता मलाही थांबावंच लागेल."

मग त्यांनी रिकाम्या कागदाची नीट घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवली.