धीर देणारी माणसं

माझा गुडघा बदलायचं ठरलं आणि जो तो मला धीर द्यायला लागला. नणंद म्हणाली, "वहिनी, घाबरू नका." शेजारीण म्हणाली, "घाबरू नका, आजकाल काही कळतसुद्धा नाही." जावई फोनवर तेच इतक्या वेळा म्हणाला की शेवटी त्यालाच दम लागला. ऑपरेशनच्या सकाळी तर फरशी पुसणाऱ्या बाईंनीही हातातलं काम थांबवून तेच सांगितलं. तोवर मी खरंच घाबरले नव्हते. पण एवढी माणसं एकच गोष्ट सांगतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटून माझे हातपाय गार पडले. मग सर्जन आले. ते काय बोलणार हे मला पाठ होतं, आणि ते तेच बोलले. मी वैतागून डोळे मिटून घेतले.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून मी वॉर्डाबाहेर चालत होते, तेव्हा समोरून तेच सर्जन येताना दिसले. एक हात भिंतीला लावून, उजवा पाय ओढत.

"तुमचाही गुडघा गेलाय की," मी म्हटलं.

"कधीचाच."

"मग बदलून का नाही घेत?"

आजूबाजूला कुणी नाही ना, हे त्यांनी आधी बघितलं. मग हळूच म्हणाले, "भीती वाटते हो."

ते दोन शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी गिळून टाकले.

"मग घाबरा," मी म्हटलं. "पोटभर घाबरा. पण करून टाका."