हजाराच्या आत

नियम वाचून कुणाचं भलं झालेलं उल्हास पळसुलेने आयुष्यात पाहिलं नव्हतं, तरी नियम वाचायचा पगार त्याला मिळत होता. आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात मासळीसाठी बर्फ बनवणारी एक फॅक्टरी होती आणि तिथे तो सेफ्टीचा माणूस होता. आग विझवायचे सिलिंडर मोजायचे, हेल्मेट घाला म्हणून घसा कोरडा करायचा, कुणी ऐकलं नाही की तसं रिपोर्टात लिहायचं, एवढंच त्याचं काम. २००१ साली युरोपातल्या एका कंपनीने फॅक्टरीत निम्मा हिस्सा घेतला आणि भांडवलाबरोबर आपल्याकडचे नियमही पाठवून दिले. त्यात एक नियम रेडॉनचा होता.

रेडॉन म्हणजे काय, हे त्याला नववीतल्या त्याच्या मुलीने, अस्मीने, अल नहदातल्या फ्लॅटमध्ये जेवताना सांगितलं. "इट्स अ गॅस, बाबा. कम्स फ्रॉम द ग्राउंड. नो स्मेल, नो कलर. यू ब्रीद इट, अँड इयर्स लेटर यू गेट लंग कॅन्सर." एवढं बोलून तिने आणखी आमटी वाढून घेतली.

नियम सुटसुटीत होता. कामाच्या जागी हवेतला रेडॉन हजाराच्या आत हवा आणि राहत्या घरात दोनशेच्या आत. बेकरेल नावाचं काहीतरी माप होतं. माणूस कामावर आठ तास असतो, घरी त्याहून जास्त, म्हणून हा फरक. कामाच्या जागी आकडा हजारापार गेला, तर कंपनीने मोठा पंखा बसवून हवा बाहेर काढलीच पाहिजे, तिथे चालढकल नाही. आत राहिला तर फार तर पुन्हा मोजायचं, बाकी कुणी काही करायचं नाही.

फॅक्टरीच्या मागे अर्धं जमिनीत गेलेलं पंपघर होतं. बोअरचं पाणी तिथल्या टाकीत जाळ्यांवरून पडायचं आणि पाण्याबरोबर आलेला गॅस मोकळा होऊन तिथेच कोंडायचा. उल्हासने तिथल्या खिळ्याला मोजमापाची एक काळी प्लास्टिकची डबी टांगली आणि तीन महिन्यांनी ती कुरियरने परदेशी लॅबला पाठवली. आकडा आला आठशे वीस. कायद्याने कुणाला बोलायला जागा नव्हती.

पण भिवा होता ना. गुहागरकडचा, पन्नाशीचा, अकरा वर्षं त्याच पंपावर. कागदोपत्री तो कंपनीच्या कामगार-कँपात सात नंबरच्या खोलीत राहत होता. प्रत्यक्षात पंपघरातच जेवायचा आणि पंपघरातच वळकटी पसरून झोपायचा. दिवसाचे वीस तास तरी त्याचे तिथे जात होते. एखादा माणूस नोकरी आणि संसार दोन्ही एकाच खोलीत उरकेल, हे कायदा लिहिणाऱ्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

"भिवाभाऊ, उद्यापासून कँपात झोपा. इथली हवा वाईट आहे," उल्हास म्हणाला.

भिवाने चारी बाजूंना पाहिलं. "हवा? साहेब, भायेर अठ्ठेचाळीस डिग्री हाय. ह्या गारव्याला लोक एसीचं बिल भरतात."

"ती दिसत नाही, तिला वास नाही. पण फुप्फुसं खाते."

"मग तुम्हाला कशी काय कळली?"

उल्हासने डबीकडे बोट दाखवलं. भिवाने मान हलवली आणि स्टोव्हवरचा चहा गाळायला घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "कँपात जाऊ कुठं? माझी खाट अनिलला दिलीय."

अनिल म्हणजे भिवाचा जावई. देरा भागातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात होता. मालकाने गाशा गुंडाळला, पोरगा व्हिसाविना उघड्यावर आला. पकडला असता तर आधी जेल आणि मग परतीचं विमान. भिवाने त्याला गुपचूप आपल्या खाटेवर नेऊन ठेवला. खोलीतले बाकीचे सातही कोकणातलेच, त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

"जावयाला उठ म्हणून सांगू?" भिवा म्हणाला. "आमच्या पोरीला, रंभाला, सातवा लागलाय. नवरा तुरुंगात हाय, हे तिला मी कळवू?"

उल्हासला राग आला. कुणाचा, ते त्याला ठरवता येईना. "ऐका," तो म्हणाला, "चारशेच्या वर आला की पुन्हा मोजायचा नियम आहे. नवी डबी मी आज टांगतोय. ह्या वेळी हजार पार झाले तर युरोपचे साहेब स्वतः येतील. कोपरा न् कोपरा बघतील. तुमची वळकटी काय त्यांना दिसणार नाही?" हे त्याने केवळ भिवाला घाबरवण्यासाठी सांगितलं. भिवा घाबरलाही, पण हलला नाही.

मग उल्हास मुश्ताककडे गेला. मुश्ताक महाडचा, कँप आणि कामगार सगळं त्याच्या हातात. अनिलचं नाव न घेता उल्हासने एवढंच सांगितलं, की भिवा पंपघरात झोपतो आणि ते बरं नाही.

"कोण झोपतो? कोई नहीं सोता," मुश्ताक म्हणाला.

"मुश्ताकभाई, तुम्हाला पण माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं, रेकॉर्डवर असणं वेगळं. टेन्शन नका घेऊ, मी फिक्स करतो. इन्शाल्ला, दोन दिवसांत खलास."

आणि त्याने खरंच फिक्स केलं. पंपघराच्या दारावर अरबी, इंग्रजी आणि हिंदीत बोर्ड लागला की इथे झोपण्यास सक्त मनाई आहे. आपण कँपात राहतो, असं भिवाने सही करून लिहून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे उल्हासला पुढच्या मंगळवारी कळलं. तो दर मंगळवारी राउंडला जायचा. एरवी पंपघराचं दार सताड उघडं असायचं. त्या दिवशी ते आतून बंद होतं आणि झरोक्यांवर पुठ्ठे चिकटवलेले होते.

"उजेड भायेर दिसतो ना, साहेब," भिवा दार उघडत म्हणाला. "बोर्ड लागल्यापासून वॉचमन चक्कर मारतो. आता मी हाय की नाय, कुणाला पत्ता नाय." त्याला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटत होतं.

पुठ्ठे काढा, असं उल्हासच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्याच्या डोक्यात दुसराच विचार शिरला. दार उघडं असताना आठशे वीस, मग दार बंद करून किती? बाराशे, पंधराशे? हजार पार झाले की पंखा सक्तीचा. कोण झोपतं, कोण नाही, ते कुणी विचारणार नाही. आपण काहीएक लिहायचं नाही, बोलायचं नाही, फक्त तीन महिने गप्प बसायचं.

तो गप्प बसला. ते तीन महिने त्याला फार जड गेले. दर मंगळवारी तो त्या कोंदट खोलीत पाच मिनिटं उभा राहायचा, डबी जागेवर आहे ना बघायचा आणि बाहेर पडून खोल श्वास घ्यायचा. तसा श्वास घेताना त्याला स्वतःची लाज वाटायची. एका माणसाला जास्त विष मिळावं म्हणून आपण देवाला साकडं घालतोय, हे तो बायकोलाही सांगू शकला नाही.

आकडा आला छत्तीस.

उल्हासने कागद दोनदा वाचला आणि तडक पंपघर गाठलं. भिवाने त्याच्या हातातला कागद पाहिला आणि तो हसत म्हणाला, "चांगला आला ना? येणारच. मी डबी भायेर टांगत होतो. मागच्या भिंतीला, लुंगी सुकत घालतो तिथं, मोकळ्या वाऱ्यात. मंगळवारी सकाळी तेवढी आत आणायचो. म्हटलं, साहेबलोक यायला नकोत. अनिल वाचेल आणि तुमच्यावर पण बालंट नको."

"भिवाभाऊ, मी पंख्याची वाट बघत होतो."

"कसला पंखा?"

उल्हासने कागदाची घडी घालून खिशात टाकली. हे तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं.

तो मुश्ताककडे गेला. मुश्ताकच्या हातात तोच कागद होता आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "उल्हासभाई, छत्तीस! घराची लिमिट किती, दोनशे ना? म्हणजे ही खोली राहायला पण लीगल झाली. बोर्ड काढायला सांगितला मी. भिवाला ऑफिशियली तिथेच शिफ्ट करतो. कँपातली त्याची खाट नवीन आलेल्या माणसाला देतो. जागा कुठेय आपल्याकडे?"

"डबी बाहेर टांगलेली होती," उल्हास म्हणाला.

मुश्ताकने खुर्ची पुढे ओढली. "कोणी टांगली?"

मुश्ताकने एक कोरा कागद उल्हासपुढे सरकवला.

"नाव लिहून द्या, मी पुढे पाठवतो. टेस्टमध्ये गडबड म्हणजे टर्मिनेशन, व्हिसा कॅन्सल, आठ दिवसांत घरी. अकरा वर्षं जुना माणूस आहे. लिहिताय?"

उल्हासने कोरा कागद तसाच परत सरकवला आणि तो उठला.

गुरुवारी दुपारी एक पिकअप पंपघरापाशी येऊन थांबली. कंपनीने भिवासाठी लोखंडी खाट पाठवली होती, आणि स्टोअरमध्ये दुमजलीच शिल्लक होती म्हणून दुमजली. भिवाने मायेने तिच्यावरून हात फिरवला. कँपातली खाट गेल्यावर जावयाला कुठे ठेवायचं, ह्या काळजीत त्याने दोन दिवस काढले होते. आता तो उल्हासला बाजूला घेऊन म्हणाला, "बरं झालं साहेब, वरती अनिलला झोपवतो. सासरा जावई एका खोलीत, बरं दिसत नाय, पण चालवून घेऊ. आता कायद्यानंच घर झालंय."

खाट अवजड होती आणि पंपघराच्या पायऱ्या अरुंद. भिवा पुढच्या बाजूने ती धरून उलट्या पावलांनी खाली उतरू लागला. मधेच खाट दाराला अडली.

"साहेब, तेवढा मागचा पाय उचला," तो आतून म्हणाला.

उल्हासने खाटेचा पाय उचलला आणि खाट आत जाऊ दिली.